पाच रात्रींचा मानकरी

तुळजाभवानीच्या गोतावळ्यातली बरीच मंडळी तुमच्या ओळखीची असतील. कवड्यांची माळ ओळखीची, परडी ओळखीची, संबळ तर लांबूनही ऐकू येतो. शिवरायांना तलवार देणारी भवानी कॅलेंडरवर, एसटीच्या काचेवर, दुकानातल्या गल्ल्यामागे रोज भेटते. या सगळ्या घरात एक जण मात्र असा आहे की त्याचं चित्र कुणी भिंतीला लावत नाही, आणि तरी वर्षातल्या पाच रात्री खुद्द देवी त्याच्या स्वाधीन असते. तो म्हणजे देवीचा पलंग. त्याची ओळख करून द्यावी असं फार मनात होतं.

जन्माने तो पुणे जिल्ह्याचा. आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकरच्या वाटेवरचं घोडेगाव हे त्याचं गाव. तुळजापूर तिथून कुठल्या कुठे, बालाघाटाच्या डोंगरात, धाराशिव जिल्ह्यात. देवीच्या दाराशी सुतार नाहीत असं थोडंच आहे? पण हा मान घोडेगावचा, आणि मानापानात आमचा हा गडी अतिशय काटेकोर. ज्या गावाने घडवायचं ठरलंय त्याच गावात घडणार, ज्या वाटेने जायचं त्याच वाटेने जाणार. त्याच्या सोबतीचा मान असलेल्या घराण्याचं आडनावच पलंगे पडलं आहे. गावावरून, धंद्यावरून आडनावं पडलेली आपण पाहतो. एका बाजेने माणसांना आपलं नाव द्यावं, असा मान दुसऱ्या कुठल्या बाजेच्या वाट्याला आल्याचं मला तरी माहीत नाही.

घाई त्याला खपत नाही. नवरात्र उजाडायच्या पुष्कळ आधी तो घर सोडतो आणि मजल दरमजल करत, मुक्कामाला थांबत पुढे सरकतो. जुन्नर घेतो, नगर घेतो. गाव आलं की वेशीवर माणसं सामोरी येतात, बायका हळदकुंकू वाहतात, खणानारळाने ओटी भरतात, लेकरांना त्याच्या पायांवर घालतात. आता विचार करा, पलंगावर या वेळी आहे कोण? कुणी नाही. मूर्ती तुळजापुरात, आणि हा इकडे रिकामाच चाललेला. तरी लोक हात जोडतात. रिकाम्या पलंगापुढे वाकलेली ही माणसं भाबडी नाहीत. उद्या तिथे कोण टेकणार आहे ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

या रिकामेपणाचा त्याला भारी अभिमान. जन्मल्यापासून त्याच्यावर कुणी बसलेलं नाही. वाटेतल्या कुणा थोरामोठ्याने पाठ टेकलेली नाही, दमलेल्या सोबत्यांनीही नाही. स्वतः झोपण्याची वस्तू असून इतक्या लांबवर जागत जाणारा दुसरा कोण दाखवाल? पहिलं ओझं घ्यायचं ते आईचं. त्याआधी मुंगीचंही नको, असा त्याचा बाणा.

त्याला एक जोडीदार आहे, पालखी. ती राहुरीची. दोघांची गाठ नगरच्या परिसरात पडते आणि मग तुळजापूरची वाट एकच. लग्नघरात दोन मानाचे पाहुणे एका वेळी दारात यावेत तशी त्यांची तऱ्हा. कुणाचा मुक्काम कुठे, कुणाची पूजा कुणी करायची, हे ठरवून ठेवलेलं आणि त्यात तसूभर बदल चालायचा नाही. पालखीचं काम तासाभराचं, पण सगळ्या गर्दीच्या डोळ्यांदेखतचं. पलंगाचं काम पाच दिवसांचं, आणि गडबड ओसरल्यावरचं. दोघांचे स्वभावही त्याप्रमाणेच आहेत. पालखीला गुलाल-कुंकू, गर्दी, आरोळ्या प्रिय. पलंगाला सगळे निघून गेल्यावर उरते ती शांतता.

या दोघांना हा मान कसा मिळाला, त्याची कथा नगरजवळच्या बुऱ्हाणनगरात सांगतात. जानकोजी देवकर नावाचा तेली. त्याच्या घरी एक पोरकी मुलगी आली, तिचं नाव अंबिका. तिच्या पायगुणाने घाण्याला बरकत आली. पुढे एके दिवशी ती घरातून नाहीशी झाली. जानकोजीने अन्नपाणी सोडलं आणि तिला शोधत हिंडू लागला. शोधता शोधता तुळजापूरला पोचला, तेव्हा लेक म्हणून वाढवली ती कोण होती हे त्याला उमगलं. कथा इथे संपते, पण बाप म्हणून त्याने काय मागितलं ते पाहण्यासारखं आहे. राज्य मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. सेवा मागितली, आणि ती सेवा पालखी-पलंगाच्या रूपाने चालत आली. मला ही कथा पलंगाच्या स्वभावाशी फार जुळणारी वाटते. लेकीला लढायला शस्त्रं देणारे देव पुष्कळ होते. ती दमून आली तर तिने पाठ कुठे टेकायची, याची काळजी एका तेल्याला पडली.

तुळजापुरात देवीच्या शेजघरात चांदीचा पलंग आहे, हेही सांगायला हवं. तो घरचा. बारा महिने तिथेच, लखलखीत. आपला घोडेगावकर त्याच्यापुढे साधा, लाकडाचा, वाटेची धूळ अंगावर घेऊन आलेला. पण दसऱ्यानंतरची झोप याच्यावर, हे ठरलेलं. तेवढ्या एका गोष्टीपायी तो चांदीलाही दबत नाही.

देवीची झोप हा विषय तुळजापुरात फार आदराने बोलला जातो. मंचकी निद्रा म्हणतात तिला. देशभर अनेक देवळांत रात्री शेजारती होते, पडदा ओढला जातो, देव झोपले असं मानतात आणि मूर्ती मात्र जागच्या जागी उभीच असते. तुळजापूरची मूर्ती चल आहे. गंडकी शिळेची, तीन फुटांच्या आसपास उंचीची ही मूर्ती सिंहासनावरून खरोखर उचलतात आणि खरोखर आडवी निजवतात. वर्षातून तीनदा. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. सगळे मिळून 21 दिवस, असा हिशेब तिथली माणसं सांगतात.

यातली दसऱ्यानंतरची झोप कुणालाही पटेल. नऊ दिवस लढली, दमली, झोपली. मला थक्क करते ती भाद्रपदातली. युद्ध अजून व्हायचंय, महिषासुर मोकळा आहे, आणि ही निवांत निजते. तीही थोडीथोडकी नाही, नवरात्राची जणू भरपाई आधीच करून ठेवावी इतकी. ज्याला उद्या मोठं काम आहे तो आदल्या रात्री येरझारा घालतो, छताकडे बघत पडतो, मनातल्या मनात दहा वेळा हरतो. तुळजापूरची देवी असली उठाठेव करत नाही. आधी झोप, मग लढाई, ही तिची शिस्त आणि ती पंचांगात तिथीवार लिहिलेली आहे.

या झोपेची तयारी पाहावी. गादीचा कापूस काढतात, तो वेचून साफ करतात, पिंजतात, मग गादी पुन्हा भरतात. कापूस वेचायला गावातल्या बायका बसतात. बोटांत कापसाचा पुंजका, त्यातली काडी, सरकीचं टरफल, कचरा निवडून बाजूला, पुन्हा दुसरा पुंजका. तोंडाने देवीचं गाणं. घाई करून हे काम होत नाही. घाई केली की खडा राहतो, आणि तो कुणाच्या पाठीला टोचणार आहे हे प्रत्येकीला माहीत असतं. दुपारभर असं बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघा. देवी अजून झोपायची आहे, पण हिच्या कपाळावरच्या आठ्या केव्हाच गेलेल्या असतात. मन शांत करण्याचे जे वर्ग शहरात भरतात त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण हा वर्ग मला जास्त जुना आणि जास्त पक्का वाटतो.

झोपेच्या दिवसांत देवीचे उपचारही बदलतात. रोजच्या दह्यादुधाच्या अभिषेकाऐवजी अंगाला सुवासिक तेल लागतं. आणि अनेक पुजाऱ्यांच्या घरी या दिवसांत गाद्या गुंडाळून ठेवतात, खाटा उभ्या करतात, माणसं भुईवर झोपतात. मंचक आईचा, मग तेवढे दिवस तो दुसऱ्या कुणाचा नाही. आपल्या पलंगाला हे कळलं असेल तर त्याची छाती किती फुगत असेल, याची कल्पना करा.

आता दसऱ्याकडे या. रात्र सरत आलेली असते, उजाडायला अवकाश असतो. पलंग आणि पालखी गावात येऊन दाखल झालेली असतात. मूर्ती सिंहासनावरून काढतात आणि तिला साड्यांचं दिंड बांधतात, एकावर एक 108 साड्या. शस्त्रं, हात, मुकुट सगळं वस्त्रांत गुरफटून जातं. मग ती पालखीत बसते आणि सीमोल्लंघनाला निघते. ‘आई राजा उदो उदो’च्या गजराने देऊळ दणाणतं, कुंकवाने हवा लाल होते, पायाखालचा दगड दिसत नाही. प्रदक्षिणेत पिंपळाच्या पारावर ती घटकाभर टेकते, तिथे आरती होते. हा सारा वेळ पलंग गप्प उभा असतो. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि त्याला त्याची खंतही नसते. इतकी वाट चालून आला तो याच घटकेसाठी, पण पुढे पुढे करायचा त्याचा स्वभावच नाही. मिरवणूक संपते. पालखी रिकामी होते. मग त्याची वेळ येते.

इथे जरा थांबून एक गोष्ट दाखवायची आहे, कारण गर्दीत ती सुटते. भवानीची मूर्ती एकटीची नाही. अष्टभुजा देवी, हातांत त्रिशूळ, चक्र, शंख, धनुष्यबाण. एका हातात दैत्याची शेंडी धरलेली, पायाशी महिषासुर. शेजारी सिंह. एका बाजूला पुराण सांगणारे मार्कंडेय ऋषी, दुसऱ्या बाजूला तपाला बसलेली अनुभूती, जिच्या हाकेला देवी धावून आली असं मानतात ती. मस्तकाच्या दोन्ही अंगांना चंद्र आणि सूर्य. हे सगळं एकाच शिळेत कोरलेलं आहे. त्यामुळे पुजारी जेव्हा मूर्ती मंचकावर निजवतात, तेव्हा एकटी देवी निजत नाही. सिंह निजतो, ऋषी निजतात, चंद्रसूर्य निजतात, आणि शेंडी धरलेला राक्षसही तिच्या कुशीलाच निजतो.

मला या पलंगाचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. तो निवड करत नाही. राक्षसाला बाहेर काढा, मग आईला आणा, असं त्याने कधी म्हटलेलं नाही. आपण मात्र रोज रात्री तेच म्हणत असतो. आधी ही काळजी मिटू दे, तो राग जाऊ दे, अमक्याचं बोलणं विसरू दे, मग झोप येईल. मिटत काही नाही आणि रात्र मात्र सरते. भवानीचा महिषासुर कुठे गेलेला नाही, तिच्या अंगाला अंग लावून आहे. पण त्याची शेंडी तिच्या मुठीत आहे आणि मूठ झोपेतही सुटत नाही. जिला एवढी खात्री असेल ती डोळे मिटू शकते. मन शांत होणं म्हणजे मनातले दैत्य संपणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा या मंचकाकडे नीट बघावं.

देवीमाहात्म्य, ज्याला आपण सप्तशती म्हणतो, त्याची सुरुवातही दोन अस्वस्थ माणसांनीच होते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. सुरथ नावाचा राजा राज्य गमावून रानात आलेला. समाधी नावाचा वैश्य, पैशाच्या लोभाने बायकामुलांनी घराबाहेर काढलेला. दोघांनाही कळतंय की ज्यांनी आपल्याला टाकलं त्यांचीच काळजी आपलं मन करत बसलंय, आणि कळूनही ते थांबत नाही. हे असं का होतं, म्हणून ते मेधा ऋषींना विचारतात, आणि त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून देवीची सगळी कथा येते. पहिलीच कथा झोपेची. विष्णू शेषावर निजलेला, मधुकैटभ ब्रह्मदेवावर चालून आलेले. घाबरलेला ब्रह्मदेव विष्णूला हाका मारत नाही. विष्णूच्या डोळ्यांवर बसलेल्या निद्रेची स्तुती करतो, कारण ती निद्रा म्हणजेच देवी. ती बाजूला होते तेव्हा विष्णू जागा होतो. पुढे देवांच्या स्तुतीतही सर्वांच्या ठायी राहणारी देवी बुद्धीच्या, भुकेच्या, शांतीच्या रूपाने येते, तशी झोपेच्याही रूपाने येते. म्हणजे तुळजापूरच्या मंचकावर जी निजते ती स्वतःच झोप आहे. आपला पलंग झोपेलाच झोपवतो, हे ध्यानात घेतलं की त्याच्या रुबाबाचं कारण कळतं.

या पाच दिवसांत तो काय करतो? काहीच नाही, आणि तेच तो उत्तम करतो. दगडाचा भार घेऊन स्थिर राहणं. संबळ थांबलेला असतो, पण गाव थांबलेलं नसतं. नवस फेडायला आलेली माणसं असतात, कडेवर लेकरं असतात, परडी घेतलेल्या आराधिणी असतात. जवळच चिंतामणी नावाची गोल शिळा आहे, तिच्यावर हात ठेवून मनातला प्रश्न विचारतात. उजवीकडे फिरली तर होकार, डावीकडे फिरली तर नकार, जागची हलली नाही तर थांबायचं. तिच्याभोवती प्रश्न घेऊन आलेल्यांची रीघ असते. लग्न जमेल का, कोर्टाचा निकाल लागेल का, पोराला नोकरी मिळेल का. पलंगाला मात्र कुणी प्रश्न विचारत नाही आणि तो उत्तर देत नाही. त्याच्यापुढे आलेली माणसं नुसती बघतात. नेहमी उभी असलेली, डोळे वटारलेली आई अशी आडवी पडलेली बघून मोठमोठे बोलणारेही आवाज खाली आणतात. म्हाताऱ्या बाया पदर सावरत एकमेकींना ‘निजलीय’ एवढंच सांगतात.

कोजागरीला त्याची सेवा भरते. सोलापूरकडून रात्रभर चालत आलेल्या माणसांनी रस्ते भरून जातात, मानाच्या काठ्या येतात, पौर्णिमेला देवी पुन्हा सिंहासनावर उभी राहते. शस्त्रं पुन्हा दिसू लागतात. पलंगाला आता काही काम उरत नाही.

म्हातारपण त्याच्या नशिबात नाही. इतर घरांत पलंग नातवंडांपर्यंत टिकतो, वाटणीत भांडणाला कारण होतो, शेवटी माळ्यावर जातो. याला ती वाट नाही. दर वर्षी नवा घडतो आणि जुन्याचं लाकूड होमात जातं. पालखीचंही तसंच. एवढ्या वाटचालीचा, एवढ्या ओट्यांचा, एवढ्या मानाचा जो धनी, तो मागे एक पायसुद्धा ठेवत नाही. पण तो जळतो त्याच्या आगेमागेच घोडेगावातल्या कुणाला पुढच्या पलंगाच्या लाकडाची काळजी लागलेली असते, म्हणून त्याच्या जाण्याचं मी फार दुःख करत नाही.

दसरा ते कोजागरी या दिवसांत तुळजापूरला जाणं झालं, तर सिंहासन रिकामं दिसेल. दर्शन चुकलं म्हणून हिरमुसून परत फिरू नका. मंचकापाशी जा, आधी आईला हात जोडा, मग खाली वाकून त्याच्या पायालाही एकदा हात लावता आला तर लावा. आणि उदो जरूर म्हणा, फक्त जरा हळू.